मुलं सातासमुद्रापार, आईबाप मेयोत : रोज फोन होतो, पण बोलायचं काय?

पावसाळी_मेयो

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत, कॅसलबारजवळच्या एका खेड्यात राहते. शेजारी एक जोडपं आहे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली पद्धतच तशी. पण मनात मात्र ते आजी-आजोबाच आहेत, म्हणून इथेही तसंच लिहिते.

त्यांचा मोठा मुलगा पर्थकडे खाणीत आहे, मुलगी सिडनीत नर्स आणि धाकटा व्हँकूव्हरला सुतारकाम करतो. मोठा २०११ साली गेला, मंदीत इथली बांधकामं ठप्प झाली तेव्हा. मुलगी २०१५ मध्ये 'एक वर्ष बघून येते' म्हणून गेली ती तिथलीच झाली. धाकट्याला इथे काम होतं, पण भाड्याने खोली मिळेना. दोन वर्षांपूर्वी तोही गेला.

रविवारी रात्री दहाला त्यांच्या स्वयंपाकघरात टॅब्लेट मांडतात, बिस्किटांच्या डब्याला टेकवून. हिवाळ्यात तेव्हा पर्थला सोमवारचे सकाळचे सहा, सिडनीत नऊ आणि व्हँकूव्हरला रविवारचे दुपारचे दोन वाजलेले असतात. तिघंही जागे सापडतील अशी तेवढी एकच वेळ. शिवाय प्रत्येकाचा एकेकट्याने फोन असतोच, जवळजवळ रोज.

परवा मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. आजी म्हणाल्या, "फोन रोज येतो गं, पण ठेवला की आठवत नाही काय बोललो ते. पाऊस आहे का? आहे. बरी आहेस ना? बरी आहे. तुझी आई इतक्या लांबून कसं करते?"

मला काही सांगता आलं नाही. माझी आई मिरजेला असते, आमचंही बरंचसं असंच चालतं. घरी येऊन रडू आलं.

तुमच्यापैकी जे आयर्लंडमध्ये राहिलेत किंवा सिडनी-बॉस्टनकडे आयरिश लोकांबरोबर राहिलेत, त्यांनी लिहा ना. ही माणसं पिढ्यान् पिढ्या मुलांना निरोप देत आलीत. त्यांनी संपर्क कसा टिकवला?

---

बंडू_बोरिवली

फोन ठेवताना आयरिश माणूस 'बाय बाय बाय बाय बाय' असं दहा वेळा म्हणतो, त्या प्रत्येक बायमध्ये एक वाक्य दडलेलं असतं असं माझा डब्लिनचा साहेब सांगायचा. मला ते पटतं. आमच्याकडे नाही का, 'चला ठेवतो' म्हटल्यावर अर्धा तास फोन चालतो.

---

कोर्कवासी

छान विषय. मी कोर्कला असतो. इथून जवळच कोव्ह बंदर आहे, टायटॅनिकने ११ एप्रिल १९१२ रोजी शेवटचे प्रवासी घेतले तेच. तिथे धक्क्यावर अ‍ॅनी मूरचा पुतळा आहे, सोबत तिचे दोन धाकटे भाऊ. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड केंद्र उघडलं तेव्हा तिथून आत गेलेली पहिली प्रवासी हीच. वय अवघं १७. लोकांना वाटतं मुलं आईबापांना सोडून निघालीत. खरं तर आईबाप आधीच न्यूयॉर्कला गेले होते आणि मुलं त्यांना भेटायला निघाली होती. आधी एकाने जायचं, पैसे साठवून पुढच्याचं तिकीट पाठवायचं, अशी ती साखळी. पुतळ्यातली अ‍ॅनी पाठीमागे बघते आहे. मुलीला घेऊन गेलो होतो, तिने विचारलं, ही मागे का बघते? मी म्हटलं, तू मोठी झालीस की सांगेन.

---

जुनीपानं

पिढ्यान् पिढ्या म्हणालात म्हणून थोडा इतिहास.

१८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात तिथे सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. १८४१ मध्ये सगळ्या बेटाची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती. आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकाचा आकडा ५० लाखांच्या पुढे जायला २०२२ ची जनगणना उजाडावी लागली. मधली सगळी दशकं मुलं जातच होती.

त्या काळी पश्चिमेकडे 'अमेरिकन वेक' असायचा. वेक म्हणजे मयताच्या घरी रात्र जागवणं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघायच्या आदल्या रात्री तसंच गाव जमायचं. रात्रभर वाजवणं, नाचणं, पिणं, आणि पहाटे आईचा टाहो, अगदी प्रेतावर फोडतात तसा. जाणारं माणूस जिवंत समोर उभं असायचं, पण पुन्हा दिसणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. डोनेगॉलमध्ये फाल्काराजवळ एक लहानसा दगडी पूल आहे, त्याचं आयरिश नावच 'अश्रूंचा पूल'. घरची माणसं त्या पुलापर्यंत चालत यायची आणि मागे फिरायची. जाणारा एकटा पुढे डेरी बंदराची वाट धरायचा.

त्यानंतर संपर्क म्हणजे 'अमेरिकेचं पत्र'. कित्येक आईबापांना वाचता येत नसे, मग मास्तर किंवा पाद्री ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि शेजारीपाजारी ऐकायला बसायचे. पत्रात पैसे असत. त्यातून जमिनीचा खंड भरला जाई, नाहीतर धाकट्या भावंडाचं तिकीट निघे.

---

तात्या_नाशिक

जुनीपानं, उत्तम माहिती. माझं मत सांगतो, कुणाला आवडणार नाही कदाचित. पत्रं होती तेच बरं होतं. महिन्याने पत्र लिहायचं म्हणजे माणूस महिनाभर मनात वेचून ठेवायचा, हे लिहीन, ते लिहीन. रोजचा फोन म्हणजे हजेरी झाली. हजर आहे, बरा आहे, संपलं. त्या आजींना तेच म्हणायचं आहे. आठवड्यातून एक पत्र लिहायला सांगा मुलांना, हाताने.

---

बॉस्टनची_मावशी

तात्या, तुमचा मान राखून म्हणते, मला हे अजिबात पटत नाही.

मी १९८८ मध्ये बॉस्टनला आले. डॉर्चेस्टरला आमच्या खालच्या मजल्यावर गॉलवेकडच्या तीन मुली राहायच्या. कुणी म्हाताऱ्यांची देखभाल करायची, कुणी हॉटेलात काम. तिघींकडेही कागदपत्रं नव्हती. तेव्हा आयर्लंडमधून अशी पुष्कळ मुलं आली होती. एकीच्या गावच्या घरात फोनच नव्हता. रविवारी ठरलेल्या वेळी आई गावच्या सार्वजनिक फोनपाशी येऊन उभी राहायची आणि ही इथून फोन लावायची. तो गुंतलेला लागला की ही खोलीभर येरझारा घालायची, कारण तिकडे आई पावसात उभी. आपल्याकडे नव्हता का पीपी नंबर, जोशांकडे फोन करायचा आणि 'जरा खालच्या कुलकर्ण्यांना बोलवाल का' म्हणायचं? तसंच.

तिचे वडील गेले तेव्हा ती जाऊ शकली नाही. गेली असती तर परत आत येता आलं नसतं. त्या रात्री आम्ही चौघी तिच्या खोलीत बसून होतो. अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्यात आयरिश लोकांसाठी ४८ हजार व्हिसा राखून ठेवले, मॉरिसन व्हिसा म्हणत त्यांना. त्यातला एक तिला मिळाला आणि मग ती पहिल्यांदा घरी गेली, थेट वडिलांच्या थडग्यापाशी.

तिला विचारा पत्र बरं की रोजचा फोन. 'पाऊस आहे का' एवढं विचारायलासुद्धा ती तेव्हा पगार देऊन बसली असती.

---

तात्या_नाशिक

मावशी, वाचून गप्प झालो. शब्द मागे घेतो. पण वेचून ठेवण्याचं जे म्हणालो, तेवढं राहू द्या.

---

मालवणी_मासो

आमच्या वराडचो झील तुमच्या आयर्लंडचो पंतप्रधान झालो, ह्यां अजून कोणीच कसां लिवक नाय? लिओ वराडकर! तेचो बापूस डॉक्टर, साठच्या दशकात हयसून विलायतेक गेलो. २०१९ च्या डिसेंबरात सगळो कुटुंबकबिलो घेऊन लिओ मालवण तालुक्यात वराडाक इल्लो. आख्खो गाव लोटल्यान बघूक. येकदा गेलेल्याचो झील पन्नास वर्सांनी वाट सोदीत येता, ह्योय संपर्कच मां?

---

पावसाळी_मेयो

@मालवणी_मासो हो, आजोबांनी मला पहिल्या भेटीतच विचारलं होतं, तुझं गाव त्याच्या गावाजवळ आहे का म्हणून! मी मिरज ते मालवण अंतर सांगितलं तर म्हणाले, म्हणजे शेजारीच.

@मावशी, तुमचा प्रतिसाद आजींना इंग्रजीत करून वाचून दाखवला. त्यांची एक बहीण १९८६ पासून न्यूयॉर्कला आहे. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग चहा ठेवला.

---

सिडनीची_सई

मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते. सिडनीतल्या कूजीला दोन वर्षं दोन आयरिश मुलींबरोबर घर घेऊन राहिले. एक शिक्षिका, एक फिजिओ. आयरिश पोरांना इथला वर्किंग हॉलिडे व्हिसा पस्तिशीपर्यंत मिळतो, त्यामुळे आमच्या भागात त्यांचीच गर्दी.

आईचं पार्सल आलं की दिवाळी. कोर्कचा बॅरीज चहा, टेटोचे वेफर्स, तिकडचं कॅडबरी चॉकलेट (इथलं तसं लागत नाही म्हणायच्या), लोकरीचे मोजे. सिडनीच्या उन्हाळ्यात लोकरीचे मोजे! पण एकीने ते पलंगाशी टांगून ठेवले होते. एकदा आईने सॉसेज घातले, ते इथल्या तपासणीत जप्त झाले; मांस येऊ देत नाहीत. आई महिनाभर हळहळत होती, सॉसेजसाठी नव्हे, पोरीला मिळाले नाहीत म्हणून.

आणि गॅलिक फुटबॉल, त्यांचा तो खास आयरिश खेळ! त्यांच्यातली एक मेयोचीच. मेयोने १९५१ नंतर ऑल-आयर्लंड चषक जिंकलेला नाही, अंतिम सामन्यात मात्र कितीदा तरी पोचले. डब्लिनच्या क्रोक पार्कात सामना सुरू व्हायचा तेव्हा सिडनीत मध्यरात्र उलटलेली. ती लॅपटॉपवर बघायची, वडील घरी टीव्हीवर, आणि दोघांचा फोन चालू. बोलणं काही नाही. "अरे!" "गेला!" "पंच आंधळा आहे!" दोन-दोन तास. त्या मुलीचं वडिलांशी एरवी दोन मिनिटांच्या वर बोलणं होत नसे. २०२० चा अंतिम सामना कोविडमुळे डिसेंबरात, रिकाम्या मैदानात झाला, मेयो हरले. ती रडत होती आणि फोनवर तिचे वडील म्हणत होते, "पुढच्या वर्षी". पुढच्या वर्षीही हरले.

---

बंडू_बोरिवली

१९५१ पासून! आणि तरी दरवर्षी 'पुढच्या वर्षी'. ह्या बाबांना माझा दंडवत.

---

कोर्कवासी

अवांतर : बॅरीजचं नाव निघालं म्हणून सांगतो, इथे घरं बॅरीजवाली आणि लायन्सवाली अशी विभागलेली असतात. आपल्याकडच्या सोसायटी चहा आणि वाघ बकरीसारखं. मुलगा परदेशात जाऊन दुसऱ्या चहाचा झाला तर आईला वाईट वाटतं.

अवांतर संपलं.

---

गॉलवेची_परिचारिका

मी इथे एका वृद्धाश्रमात काम करते. रोज संध्याकाळी टॅब्लेट घेऊन खोल्याखोल्यांत फिरणं हा माझ्या कामाचाच भाग झालाय.

कोविडचं कुणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मार्च २०२० मध्ये आयर्लंडमध्ये घरापासून २ किलोमीटरपलीकडे जायला बंदी आली, नंतर ती ५ किलोमीटर झाली. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. तिथल्या नागरिकांच्या आईवडिलांना नोव्हेंबर २०२१ पर्यंत 'जवळचे कुटुंब' या सवलतीत धरतच नव्हते. आमच्याकडच्या एका आजींचं नातवंड ब्रिस्बेनला त्या काळात जन्मलं. बाळ रांगलं, उभं राहिलं, चाललं, ते सगळं त्यांनी माझ्या हातातल्या काचेवर पाहिलं. एकदा मी टॅब्लेट दूर न्यायला लागले तर त्यांनी काचेवर हात ठेवला आणि उचलेनात.

आणि मृत्यू. इथे अंत्यविधी दोन-तीन दिवसांत उरकतात. ऑस्ट्रेलियाहून थेट विमान नाही. दुबई किंवा दोहामार्गे आलं तरी दाराशी पोचायला तीस-पस्तीस तास, तिकीट मिळालं तर. त्यामुळे बरेच जण पोचत नाहीत. चर्चमध्ये कॅमेरे असतात, त्यावरून मुलं विधी बघतात. 'आरआयपी डॉट आयई' नावाचं मृत्यूवार्तांचं संकेतस्थळ आहे, २००५ पासून चालू. परदेशातली आयरिश पोरं रोज सकाळी ते उघडतात आणि मग घरी फोन करतात, "अगं, टपालवाल्याची आई गेली म्हणे?" की आई तासभर बोलते. कोण आलं होतं, सँडविच कुणी केली, कोण कुणाशी बोललं नाही. तुमच्या शेजारणीला सांगा, हा फोन कधी आटत नाही!

ज्यांना अंत्यविधीला येता येत नाही ते 'मंथ्स माइंड'ला यायचा प्रयत्न करतात. मृत्यूनंतर महिन्याने होणारी प्रार्थना ती. आपण दहाव्याला नाही तर निदान तेराव्याला पोचतो तसं. माझे बाबा गेले तेव्हा मी तेराव्यालाच पोचले होते. आश्रमातल्या एका आजोबांनी माझा हात धरून विचारलं होतं, "तुमच्याकडे मंथ्स माइंड असतो का?" मी म्हटलं, असतो, जरा लवकर.

---

जुनीपानं

परिचारिकाताई, नमस्कार तुम्हाला.

यावरून दिव्याचं आठवलं. नाताळच्या आदल्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावायची आयरिश पद्धत आहे, वाटसरूला घर दिसावं म्हणून. मेरी रॉबिन्सन डिसेंबर १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा कायमचा लावून ठेवला, देश सोडून गेलेल्या सगळ्यांसाठी.

---

आकडेमोड

कोण किती जातंय हे बघितलं. आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयानुसार एप्रिल २०२४ ला संपलेल्या वर्षात ६९,९०० माणसं देशाबाहेर गेली. त्यात ऑस्ट्रेलियाला १०,६००. आदल्या वर्षी हाच आकडा ४,७०० होता. म्हणजे आजींचं घर अपवाद नाही. पण त्याच वर्षात सुमारे ३० हजार आयरिश नागरिक परतही आले, तेही त्यांना सांगा.

---

सिडनीची_सई

परत येण्यावरून : बरेच आईबाप उलट मुलांकडे कायमचं यायचा विचार करतात, तेही सोपं नाही. इथल्या पालक व्हिसासाठी निम्मी तरी मुलं (किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा जास्त) ऑस्ट्रेलियात स्थायिक असावी लागतात. लवकर हवा असेल तर माणशी ४० हजार डॉलरहून जास्त खर्च, आणि 'लवकर' म्हणजेही दहा वर्षांच्या वर. पावसाळी, तुमच्या आजींची तिघांपैकी दोघं इकडे म्हणजे अट बसते त्यांची. विचारलंय कधी?

---

पावसाळी_मेयो

@सई, विचारलं. आजोबा म्हणाले, "आणि गाई?" आजी म्हणाल्या, "आणि धाकटा परत आला तर त्याला दार कोण उघडणार?" विषय संपला.

आता मूळ प्रश्नाचं. मी आईला मिरजेला फोन केला आणि सरळ विचारलं, की आजी असं असं विचारतात, तू कसं करतेस. आई म्हणाली, "मी कुठे काय करते? मी तुला कामाला लावते."

आणि खरंच की! आईने कधी 'कशी आहेस' म्हणून फोन केलेला मला आठवत नाही. "गॅसचं बुकिंग होत नाहीये, बघ जरा." "लाईटचं बिल जास्त आलंय, काढून बघ." "सुमनच्या मुलीला पत्रिका आलीय, मुलगा पुण्याच्या कुठल्या कंपनीत आहे ते शोध." मी चिडते कधीकधी, की अगं, शेजारी भाऊ आहे ना! पण त्या गॅसच्या बुकिंगमधून मला सगळं कळतं. कोण जेवायला येणार आहे म्हणून गॅस लवकर संपला, गुडघा दुखतोय म्हणून ती एजन्सीत गेली नाही, सगळं.

हे मी आजींना सांगितलं. त्यांना आधी पटलं नाही. "मुलं दमलेली असतात, त्यांना त्रास कशाला?" म्हणाल्या. इथे मुलांवर ओझं न होणं हा फार मोठा गुण मानतात. आई आजारी असली तरी सांगत नाहीत, मुलाला कळतं ते शेजाऱ्याकडून. मी म्हटलं, एकदा करून तर बघा.

गेल्या रविवारी घरपट्टीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. दर वेळी आजोबा गावातल्या एका पोराकडून भरून घ्यायचे. या वेळी पर्थच्या मुलाला सांगितलं. त्याने घराची किंमत विचारली, आजोबांनी एक आकडा सांगितला, तो म्हणाला शक्य नाही. मग मागची खोली कधी बांधली, किती बाय किती, छप्पर कुणी घातलं, त्या वर्षी वादळ कसं झालं. सिडनीची मुलगी मध्ये पडली, की ती खोली माझ्यासाठी बांधली होती. धाकटा व्हँकूव्हरहून म्हणाला, खिडकीची चौकट मी बसवली, ती अजून चिकटते का? आजोबा उठून खिडकी उघडून बघायला गेले. चिकटते. त्याने फोनवरून त्यांना रंधा कुठे ठेवलाय ते सांगितलं.

मी अकराला घरी आले तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा चालूच होता.

---

तात्या_नाशिक

रंधा सापडला का?

---

पावसाळी_मेयो

सापडला, गोठ्यात होता. पण आजी म्हणतात चौकट इतक्यात तासायची नाही, धाकटा नाताळला येणार आहे.